कॉटन ग्रीनला उतरलेल्या ताईंना

ताई,

तुमचं नाव विचारायचं राहिलं. कॉटन ग्रीन स्टेशन आलं आणि तुम्ही लोकलमधून उतरून गेलात. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. तुमच्यापर्यंत पोचेल की नाही कोण जाणे, पण मंगळवारपासून घशात काहीतरी दाटून आलंय. घशातच, बघा.

मी मानखुर्दला चढलेली. पनवेलहून गच्च भरून आलेली गाडी, खांद्यावर पर्स, हातात वही. वहीत बघून पुटपुटत होते: पॅकेड, चेकेड, डिस्पॅचेड. शेजारच्या कॉलेजच्या मुलीने मैत्रिणीला कोपर मारलं आणि दोघी हसल्या. त्यांचं काय घेऊन बसायचं! आदल्याच आठवड्यात मस्जिद बंदरला आमच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात साहेबांनी माझा रोजचा रिपोर्ट सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला होता. 'येस्टर्डे वी डिड नॉट रिसीव्ड 14 बॉक्स.' हमाल सोडून सगळे हसले. हमालांना कळलं नसेल असं नाही. त्यांनी हसायचं नाही असं ठरवलं असावं.

त्याच्याही आधी एक क्लास झाला. पैसे आगाऊ. भिंतीवर 12 काळांचा तक्ता, आणि सरांचं एकच, पाठ करा. मी विचारलं, भूतकाळात लिहिताना शब्दाच्या शेवटी सगळीकडे तेच ईडी (ed), मग तुम्ही कधी 'ट' म्हणता, कधी 'ड', असं का? तर म्हणाले, 'मराठी मीडियम का?' हो, मराठी मीडियम. आम्हाला एबीसीडी पाचवीत भेटली. पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली, तोवर आम्ही आठवीत पोचलो होतो. यात लाजण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

तुम्ही हसला नाहीत. 'इकडे दे हात,' म्हणालात आणि माझं मनगट धरून माझी बोटं स्वतःच्या गळ्यावर ठेवलीत. सकाळी बोंबील साफ करून निघाले होते, बोटांना वास असणारच. मी हात झटकन मागे घेतला. तुम्ही पुन्हा धरलात आणि पुन्हा तिथेच ठेवलात. बाकीचं सगळं मी कधीतरी विसरेन, पण हे दुसऱ्यांदा धरणं विसरणार नाही.

'आता बघ. कॉल.' गळा थरथरला. 'पॅक.' शेवटच्या 'क'ला काहीच नाही. 'थरथर असेल तिथे ड, नसेल तिथे ट.' कॉल्ड, रिसीव्ड, रिटर्न्ड. पॅक्ट, चेक्ट, डिस्पॅच्ट. आणि शब्दच ट किंवा डवर संपत असेल तर जिभेला टेकायला जागा हवी, म्हणून मध्ये एक 'इ' येतो: लोडिड, काउंटिड. चुनाभट्टी ते वडाळा, एवढ्यात झालं. तीन महिन्यांच्या क्लासात झालं नव्हतं.

रात्री भाकऱ्या थापताना एकदम आठवलं, अहो, हे तर आपल्या शाळेतलं व्याकरण! क, च, ट, त, प आणि श, ष, स ही कठोर व्यंजनं. ग, ज, ड, द, ब मृदू. संधी शिकवायचे ना, विपद् अधिक काल, विपत्काल. पुढे कठोर 'क' आला की 'द'चा 'त' होतो. इंग्रजीत मागचा कठोर असला की 'ड'चा 'ट' होतो. म्हणजे मला हे येत होतं. तुला हे येतं, एवढंच कुणी सांगितलं नव्हतं.

उतरायच्या आधी घाईघाईत डिडचंही सांगितलंत. भूतकाळाचं ओझं एकानेच उचलायचं. डिडने उचललं की रिसीव्हने मोकळ्या हाताने चालायचं. गोदामात रोज बघते मी हे. एका गोणीला दोन पाठी लावत नाहीत. डिड नॉट रिसीव्ह, संपलं. उलट आपल्या मराठीतच किती व्याप! मी ट्रक उतरवला, पेटी उतरवली, खोकं उतरवलं, गोण्या उतरवल्या. इंग्रजीत सगळ्याला एकच अनलोडिड. साहेबांनी उतरवलं तरी तेच, हमालाने उतरवलं तरी तेच. (साहेबांनी कधी उतरवलेलं नाही, ती गोष्ट वेगळी.)

मी विचारलं, तुम्ही इंग्रजीच्या बाई का? तर म्हणालात, 'नाही गं, ऐकू न येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवते.' तेव्हा कळलं गळ्यावर हात कुठून आला ते. ज्यांना आवाजच पोचत नाही त्यांना तो बोटांनी दाखवणाऱ्या तुम्ही. मला तर ऐकू येत होतं.

या गाड्यांत माणसं एकमेकींच्या झिंज्या उपटतात, खोटं कशाला बोलू. पण त्याच डब्यात कुणी तिघींच्या बाकावर सरकून चौथी सीट देते, कुणी ओळखदेख नसताना पोर मांडीवर घेते, आणि कुणी बोंबलाच्या वासाचा हात गळ्यावर ठेवून घेते.

गुरुवारी कोइम्बतूरच्या पार्टीचा फोन आला. साहेब जागेवर नव्हते, मीच उचलला. डावा हात ओढणीखाली गळ्यावर. वी पॅक्ट, वी चेक्ट, वी डिस्पॅच्ट. पलीकडचा माणूस 'ओके मॅडम' म्हणाला आणि बिल्टीचा, म्हणजे मालाच्या पावतीचा, नंबर विचारला. बस, एवढंच. त्याच्या दृष्टीने काहीच घडलं नव्हतं.

मी त्याच गाडीला असते, मधल्या लेडीज डब्यात. कॉटन ग्रीन आलं की दाराकडे बघते. आणि हल्ली निघताना हात दोनदा साबणाने धुते, उगाच.

तुमची,
मानखुर्दला चढणारी