कंबरदुखी आणि किडनी

प्रिय मनू,

तुझा मेसेज वाचला. आठ दिवस कंबर दुखतेय, उजवीकडे जास्त, म्हणून किडनीची शंका आली, आणि सोबत त्या 'किडनी शुद्धी' चूर्णाचा फोटो. ते पाकीट तूर्त फोडू नकोस. आधी नेमकं कुठे दुखतं ते बघू.

आपण कंबर म्हणतो तिथे किडनी नसतेच. सलवारची नाडी बांधतेस त्या पातळीवर किंवा त्याखाली दुखत असेल, तर ते बहुतेक स्नायूंचं नाहीतर मणक्याचं. किडन्या त्याच्या बऱ्याच वर, शेवटच्या बरगड्यांच्या आड, कण्याच्या दोन्ही अंगांना असतात. यकृतामुळे उजवी जराशी खाली असते. स्टुलावर ताठ बस आणि रूममेटला मागे उभी कर. शेवटची बरगडी कण्याला मिळते त्या कोपऱ्यावर तिने एक तळहात टेकवायचा आणि त्यावर दुसऱ्या हाताच्या मुठीने हलकेच ठोकायचं. आधी डावीकडे, मग उजवीकडे. एकाच बाजूला आतून झणकन कळ आली तर तपासणी टाळू नकोस. कळ आली नाही म्हणजे किडनी ठीकच आहे, असं मात्र समजू नकोस.

दुसरी खूण हालचालीची. वाकल्यावर, उठताना, गाडीवर खड्डा बसला की दुखणं वाढतं आणि एखाद्या कुशीवर पडलं की बरं वाटतं, ते उसण भरण्याचं दुखणं. किडनीचं दुखणं कूस बदलून कमी होत नाही. मुतखड्याची कळ तर माणसाला एका जागी बसूच देत नाही. ती लाटेसारखी येते, बरगडीखालून जांघेकडे उतरते, मळमळतं, उलटी होते, लघवी लालसर होते. जंतुसंसर्गाचं दुखणं बोथट, सततचं असतं. त्यासोबत लघवीला जळजळ, पुन्हा पुन्हा लागणं आणि थंडी वाजून ताप येतो. बायकांची मूत्रनलिका आखूड असते, त्यामुळे जंतू मूत्राशयात लवकर पोचतात, आणि तिथून वर किडनीकडे चढतात. म्हणून उन्हाळी लागली की नुसतं धन्याचं पाणी पीत आठवडा काढायचा नाही. जळजळ दोन दिवसांत गेली नाही किंवा त्यात ताप आला, तर डॉक्टरच.

किडनी हळूहळू निकामी होते तेव्हा बहुतेकदा काहीच दुखत नाही, हेही लक्षात ठेव. मधुमेह आणि वाढलेलं बीपी ही त्याची मोठी कारणं. तो आजार रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा), त्यावरून काढलेला ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) आणि लघवीतलं प्रोटीन तपासूनच कळतो.

आता तू आठ दिवस घेतेयस त्या वेदनाशामक गोळ्यांचं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक ही औषधं किडनीला होणारा रक्तपुरवठा कमी करतात. अंगात पाणी भरपूर असताना एखादी गोळी निरोगी माणसाला सहसा बाधत नाही. पण नागपूरच्या ४५ अंशांत दिवसभर फिरायचं, पाणी घोटभर प्यायचं आणि आठ दिवस तीच गोळी घ्यायची, हे किडनीला झेपत नाही. ती आजच बंद कर. दुखलंच तर पॅरासिटॅमॉल ५०० किंवा ६५०, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, दिवसाला चारच्या वर नाही. सर्दी-तापाच्या गोळीतही पॅरासिटॅमॉल असतं, तेही धरून मोज.

फील्डवर स्वच्छ टॉयलेट मिळत नाही म्हणून तू पाणी टाळतेस, मला ठाऊक आहे. यात चूक तुझी नाही, पण भोगावं तुलाच लागतं. दिवसाला २ ते अडीच लिटर लघवी व्हायला हवी, म्हणजे उन्हाळ्यात ३ लिटरच्या वर पाणी. लघवी फिकट पिवळी असली की समज, पुरेसं आहे. रूट आखतानाच पेट्रोल पंप, बँक, ओळखीचं ऑफिस अशी ठिकाणं लिहून ठेव आणि दर तीन-चार तासांनी जाऊन ये.

घरगुती उपायांचं सांगते. लिंबातलं सायट्रेट खडा होण्याला अडथळा करतं, म्हणून रोज दोन लिंबांचं सरबत मीठ न घालता घे. मीठ एकूण दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, त्यातच लोणचं-पापड आले. दूध-दही सोडू नकोस. त्यातलं कॅल्शियम पालकातल्या, खडे बनवणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवतं. कुळथाचं कढण खुशाल पी, पण त्याने मोठा खडा विरघळेल अशी आशा नको. पानफुटीचंही तेच. ५ मिलिमीटरपर्यंतचे खडे बहुतेक आपोआपच पडतात आणि श्रेय पानाला मिळतं. बिंबलाचा, म्हणजे त्या आंबट फळाचा, रस मात्र अजिबात नको. तो पिऊन किडन्या बंद पडल्याची उदाहरणं केरळात नोंदली गेली आहेत, इतकं ऑक्झलेट त्यात असतं. आणि ज्या चूर्णावर घटकच लिहिलेले नाहीत, त्यात शिसं-पारा नाही हे कोण सांगणार?

उद्या सकाळी लघवी तपासायला दे. बाटली लॅबमधूनच घे, झाकण आतून हाताळू नकोस. जागा साध्या पाण्याने धुऊन कोरडी कर. पहिली धार सोडून दे, मधली बाटलीत धर, शेवटची पुन्हा सोडून दे. तासाभरात लॅबमध्ये पोचव. कल्चर (लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी) सांगितलं तर नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी द्यायचा, नाहीतर जंतू असूनही रिपोर्टमध्ये दिसणार नाहीत. पाळी चालू असेल तर लॅबला सांग, नाहीतर लघवीत रक्त आहे असा घोटाळा होईल. सोनोग्राफी सांगितली तर तासभर आधी चार ग्लास पाणी पिऊन जा.

कळ आणि थंडीताप एकत्र आले, लघवी बारा तास झालीच नाही, किंवा उलट्यांमुळे पाणी पोटात ठरेना, तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं. अडकलेल्या खड्यामागे पू साचला तर काही तासांत जिवावर बेततं. आणि पायातली शक्ती गेली किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, तर ते मणक्याचं असतं, पण घाई तितकीच करायची.

रिपोर्ट आला की त्यातल्या तीन ओळी मला कळव: पस सेल्स (पुवाच्या पेशी), आरबीसी (रक्ताच्या तांबड्या पेशी) आणि प्रोटीन. पस सेल्स पाचच्या वर असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. मी संध्याकाळी फोनजवळच आहे.

तुझी आई