एकरी जमाखर्चात घसारा कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या कृषी पानावरचा सोयाबीनचा एकरी जमाखर्च वाचला. बियाणे, खत, फवारणी, मजुरी, मळणी सगळे आले, पण ट्रॅक्टरची झीज, म्हणजे वापराने त्याची किंमत उतरते तो घसारा, कुठेच नाही. आम्हीही ती कधी धरली नाही आणि ते फार महागात पडले, म्हणून हे पत्र.

२०१५ च्या पाडव्याला सहा लाख वीस हजारांचा ट्रॅक्टर घेतला. घरचे रान करून गावात भाड्याने नांगरट, रोटा, पेरणी केली. डिझेल, ड्रायव्हरचा पगार, बँकेचा हप्ता जाऊन उरेल ती कमाई, असाच हिशेब. त्यातूनच घराचा स्लॅब पडला, मुलीचे लग्न झाले. दहा वर्षांनी विकायला काढला तेव्हा मीटरवर सहा हजार तास होते. घेणाऱ्याने आधी मीटर पाहिले, मग मागच्या गुळगुळीत टायरवरून तळहात फिरवला. सौदा दोन लाख वीस हजारांवर ठरला. चार लाख गेले. तासाला साधारण ६७ रुपये! इतकी वर्षे मी तो ट्रॅक्टरच थोडा थोडा विकून खात होतो आणि त्यालाच कमाई म्हणत होतो.

माझ्या आजोबांना घसारा हा शब्द ठाऊक नव्हता, हिशेब मात्र पक्का होता. देवणी जातीचे बैल ते दातांवरून वय ओळखून घ्यायचे. सगळे दात जुळले की पुढे किंमत उतरणार, हे त्यांना माहीत. म्हणून जोडी ऐन कामात असतानाच गोठ्यात पुढचे गोऱ्हे वाढत असायचे. आज त्या गोऱ्ह्यांच्या जागी वेगळे ठेवलेले पैसे हवेत, आणि तेच आमच्याकडे नसतात.

व्यापारी, कारखानदार प्राप्तिकराच्या हिशेबात यंत्रांवर साधारणपणे दरसाल १५ टक्के घसारा लावतात. शेतीचे उत्पन्न करमुक्त, त्यामुळे तो कागद आमच्या घरी येतच नाही. केंद्राचा कृषी मूल्य आयोगसुद्धा उत्पादन खर्चात अवजारांचा घसारा धरतो. आम्हीच धरत नाही. गावात एकाने नांगरटीचा दर पाडला की बाकीचेही पाडतात, आणि नव्या ट्रॅक्टरसाठी सगळे पुन्हा बँकेच्या दारात.

यापुढे जमाखर्च छापाल तेव्हा ट्रॅक्टर, विहिरीवरची मोटार, ठिबक, फवारणी पंप यांच्या घसाऱ्याची ओळ त्यात जरूर टाकावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक शेतकरी
ता. देवणी, जि. लातूर