प्युएब्लो भांड्यांचा काळा रंग

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील घरसजावटीवरच्या लेखात, अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील प्युएब्लो या मूलनिवासी लोकांची काळी भांडी ‘चाकावर घडवून काळ्या रंगाने रंगवलेली’ असतात, असे म्हटले आहे. या दोन्ही गोष्टी चुकीच्या असून ज्या कारागिरीमुळे ही भांडी नावाजली गेली तीच त्या वाक्यात पुसली गेली आहे, म्हणून हे पत्र.

प्युएब्लो परंपरेत कुंभाराचे चाक नाही. सान इल्देफोन्सो या प्युएब्लो गावात स्थानिक मातीत ज्वालामुखीची राख मळतात, तिच्या वळ्या एकावर एक रचून भांडे उभे करतात, वाळल्यावर ते खरवडून त्यावर पातळ तांबड्या मातीचा लेप देतात आणि लेप ओलसर असतानाच गुळगुळीत गोट्याने घोटत राहतात. मध्येच हात थांबला आणि लेप सुकला, तर पुन्हा पहिल्यापासून. घोटलेल्या अंगावर युक्का नावाच्या झुडपाच्या पानाच्या कुंचल्याने मातीच्याच पाण्याने नक्षी काढतात. तोपर्यंत सगळे भांडे तांबडेच असते. भाजताना जाळावर घोड्याची वाळलेली लीद टाकून हवा कोंडली, की धुरात ते काळे होते. घोटलेला भाग चकाकतो आणि कुंचला फिरलेला भाग निस्तेज राहतो.

मुलीकडे गेले असताना सान्ता फे येथे असे एक भांडे मी हातात घेतले होते. समोरून पाहिले तर नुसते काळे. उजेडाकडे जरा कलते केले, तेव्हा त्यावर शिंग असलेला जलसर्प, म्हणजे आवान्यू, उमटला. काळ्यावर काळ्या नक्षीची ही रीत १९१९ च्या सुमारास सान इल्देफोन्सोच्याच मारिया आणि हुलियान मार्तिनेझ या दांपत्याने सिद्ध केली. भांडी मारिया घडवीत आणि घोटीत, नक्षी हुलियान काढीत.

शिवाय सारी प्युएब्लो भांडी काळी नसतात. अकोमा गावची भांडी पांढऱ्या लेपावर बारीक काळ्या रेघांची असतात, आणि तिथे जुन्या फुटक्या भांड्यांची खापरे कुटून नव्या मातीत मिसळतात.

तेव्हा पुढील पुरवणीत दुरुस्ती छापावी आणि अशा छायाचित्राखाली गावाचे व कारागिराचे नाव द्यावे, ही विनंती. मारिया १९२० च्या दशकापासून भांड्याच्या बुडाशी सही करीत असत.

आपली नम्र,
एक वाचक, कोल्हापूर