बाबा, केनेट नदीवर गळ टाकायच्या आधी

रेडिंग

तीर्थस्वरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही जुलैत इंग्लंडला याल तेव्हा नदीवरच्या मासेमारीचा हंगाम सुरू झालेला असेल. रोच, चब, बार्बेल या माशांसाठी इथल्या नद्या 15 मार्च ते 15 जून बंद असतात, विणीचा काळ म्हणून. 16 जूनला उघडतात. बाबा, तुमचा बारा महिन्यांचा परवाना मी ऑनलाइन काढून ठेवते, ज्येष्ठांना त्यात सवलत आहे. काठाचं तिकीट मात्र वेगळं घ्यावं लागतं, कारण प्रत्येक काठ कुठल्या तरी क्लबचा नाहीतर मालकाचा असतो.

तुमच्या पत्र्याच्या डब्यातलं, तंगुसाला वजनासाठी लावायचं शिसं तिथेच ठेवा. राजहंस शिशाचे छर्रे गिळून मरायचे, म्हणून 1987 पासून 0.06 ते 28.35 ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांवर इथे बंदी आहे. बिनशिशाचे छर्रे दुकानात मिळतात. मोरपिसाच्या देठाचे फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगून चावा दाखवणाऱ्या काड्याही आणू नका, आपल्याकडून मोरपिसं देशाबाहेर न्यायला मनाई आहे. इथे तसेच फ्लोट विकत मिळतात.

आता मुख्य गोष्ट. कृष्णेवर तुम्ही पेंडीचा गोळा लावून डोहाशी बसता आणि मासा आमिषाकडे येतो. इथे आमिष धारेबरोबर वाहत माशाकडे जायला हवं. याला ट्रॉटिंग म्हणतात. काठी 13 फुटी, रिळावर 3 पौंडांचा ताण सोसणारा तंगूस आणि गळाजवळचा हातभर तुकडा त्याहून बारीक, 2 पौंडांचा. म्हणजे तुटलं तर तेवढंच तुटतं आणि फ्लोट हाती राहतो. गळ 18 नंबरचा, टोकाशी उलटा काटा नसलेला. तुम्हाला तो खेळण्यातला वाटेल, पण रोचचं तोंड लहान असतं आणि पाणी नितळ असतं. जाड तंगूस त्याला लांबूनच दिसतो.

पाच फूट पाण्याला एक ग्रॅमच्या आसपास वजन पेलणारा फ्लोट घ्या. आठ नंबरचे बारा-पंधरा छर्रे शर्टाच्या गुंड्यांसारखे सारख्या अंतरावर लावा आणि गळाच्या वर वीतभर जागा मोकळी सोडा. एका ठिकाणी गोळा केले की फेकताना गुंता होतो आणि आमिष दगडासारखं खाली जातं. वरच्या थरात बारक्या माशांची झुंबड असेल तेव्हाच ते एकत्र करायचे, म्हणजे आमिष त्यांच्यातून पटकन खाली उतरतं. आधी गळाला वजन अडकवून खोली मोजा आणि फ्लोट त्याहून चार बोटं वर सरकवा.

तळाला पाणी घासत जातं म्हणून ते वरच्यापेक्षा हळू वाहतं. फ्लोट मोकळा सोडला तर तो वरच्या वेगाने पळतो आणि मागे आमिष ओढत नेतो. खरी अळी तशी कधीच जात नाही आणि मासा तिला तोंड लावत नाही. म्हणून रिळाच्या कडेवर बोट टेकवून फ्लोट किंचित रोखून धरायचा, इतकाच की त्याचं टोक जरासं मागे कलेल आणि आमिष त्याच्या पुढे चालेल. वाऱ्याने तंगुसाचा पाण्यावर बाक झाला तर काठीचं टोक उचलून तो धारेच्या वरच्या बाजूला टाका, नाहीतर तो बाकच फ्लोट ओढतो. टोक बुडालं की मनगटाने हलकेच उचला. फ्लोट क्षणभर थबकला किंवा तिरका सरकला तरी उचला, कारण रोच पुष्कळदा एवढंच करतो.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्हाला पाण्याच्या चकाकीचा त्रास होतो, म्हणून दोन रंगांचे फ्लोट घेतले आहेत. समोर झाडांची सावली असेल तिथे नारिंगी टोकाचा आणि आभाळाचं प्रतिबिंब असेल तिथे काळ्या टोकाचा.

चाऱ्यात बहुतेकांचं चुकतं. सुरुवातीलाच ओंजळभर टाकला की मासे पोट भरून घेतात किंवा चाऱ्यामागे खाली वाहत जातात. पंधरा मिनिटं गळ न टाकता नुसत्या अळ्या टाका आणि मग प्रत्येक फेकीला दहा-पंधरा, फ्लोटच्या जरा वरच्या अंगाला. चावे येत नसले तरी ही लय मोडू नका. चावे फार खालच्या टोकाला येऊ लागले तर चारा आणखी वरून टाका. चार तासांना दोन पिंट, म्हणजे लिटरभराहून थोड्या जास्त अळ्या पुरतात. अळीच्या बोथट टोकाला दोन ठिपके असतात, त्या बाजूच्या कातडीतूनच गळ न्यायचा. मधोमध टोचली तर ती लगेच मरते.

आई, अळ्यांचा डबा बाहेरच्या शेडमधल्या जुन्या फ्रीजमध्ये असेल, स्वयंपाकघरात येणार नाही. एक काम मात्र तुला सांगते. चाऱ्यासाठी हेम्पचं, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाचं बी लागतं. ते दिवसभर भिजवून अर्धा तास शिजवायचं, फुटून पांढरा कोंब दिसेपर्यंत. हुलगे शिजल्याचा तुझा अंदाज इथे उपयोगी पडेल. ते त्याच पाण्यात निववायचं, वाळू द्यायचं नाही. आणि मासा घरी येणार नाही, आपल्या क्लबच्या नियमाप्रमाणे सगळे सोडावे लागतात. कालवणाला सुरमई आणून ठेवते.

संध्याकाळी बार्बेलसाठी वेगळी काठी लागते, 10 पौंडांचा तंगूस आणि तळाशी डबाबंद मांसाचा (लंचन मीटचा) बोटाच्या पेराएवढा तुकडा. खालच्या बाजूला वळलेलं तोंड, ओठाला चार मिशा, तांबूस पर. आपल्या महाशीरच्याच कुळातला आहे. बार्बेलचं शास्त्रीय नाव ‘बार्बस’. सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महाशीरला शास्त्रीय नाव दिलं, त्यातही ‘बार्बस’च होतं. बार्बेल थकेपर्यंत झुंजतो. म्हणून बारीक तंगुसावर त्याला तासभर खेळवणं क्रूर आहे, लवकर आत घ्यायचा. गळ ओल्या चटईवर काढायचा, हात ओले करून. मग सोडण्याआधी जाळीतच, तोंड धारेकडे करून सरळ धरायचा. कल्ले संथ चालू लागतात, शेपटीत जोर येतो आणि तो स्वतःच हातातून सुटतो. तोवर सोडायचा नाही, घाई केली तर तो उलटा होऊन वाहून जातो. पाणी फार तापलेलं असेल त्या दिवशी बार्बेलच्या वाटेला जायचंच नाही, कारण पाण्यात प्राणवायू कमी असतो.

काठावर शेपूच्या फुलांसारखी पांढरी छत्री असलेलं, माणसाहून उंच झाड दिसलं तर हात लावू नका. त्याचा चीक लागून ऊन पडलं की फोड येतात. पावसाळ्यात मुंबईत ज्याची धास्ती असते तो लेप्टो इथेही उंदरांमुळे होतो, म्हणून हाताला कापलं असेल तर आधी पट्टी आणि डबा खायच्या आधी साबण. काठी कार्बनची आहे, त्यातून वीज जाते. विजेच्या तारांखाली ती उभी करायची नाही.

बाबा, पायाचं माप सेंटिमीटरमध्ये कळवा. काठ निसरडा आहे, चपलेवर चालणार नाही. बूट मी इथेच घेते.

तुमची लेक