‘क्लोजिंग टाइम’चा शेवट आणि सायबरमेनचा पूर्वेतिहास

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथांचा आढावा घेणारा लेख वाचला. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेतील ‘क्लोजिंग टाइम’ या भागाची त्यात दोनच वाक्यांत बोळवण झाली आहे. विनोद जमला असला, तरी बापाच्या मायेपुढे यंत्रमानव फुटून जावेत हा शेवट विज्ञानकथेला शोभत नाही, असा त्या वाक्यांचा आशय आहे. २४ सप्टेंबर २०११ रोजी हा भाग प्रथम दाखवला गेला तेव्हापासून हा आक्षेप घेतला जात आहे आणि तो घेणाऱ्यांत मालिकेवर मनापासून प्रेम करणारे प्रेक्षकही आहेत. तरीही हा आक्षेप टिकणारा नाही, असे माझे ठाम मत आहे.

ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. आपला मृत्यू उद्यावर येऊन ठेपला आहे, हे ठाऊक असलेला डॉक्टर, म्हणजे काळातून प्रवास करणारा, परग्रहावरचा मालिकेचा नायक, निरोप घेण्यासाठी क्रेग ओवेन्स या जुन्या मित्राच्या घरी येतो. क्रेगची जोडीदार सोफी दोन दिवसांसाठी बाहेरगावी गेली आहे आणि तान्ह्या आल्फीला एकट्याने सांभाळण्याची जबाबदारी क्रेगवर आली आहे. कोल्चेस्टरमधील एका मोठ्या दुकानातून माणसे नाहीशी होत आहेत, परिसरातील वीज मधूनमधून खाली-वर होत आहे, आणि त्याचे कारण असे की जमिनीखाली फार पूर्वी कोसळलेल्या अंतराळयानात मोडकळीस आलेले मूठभर सायबरमेन (लेखातले ‘यंत्रमानव’) पुन्हा जागे झाले आहेत. शेवटी ते क्रेगला पकडून त्याचे सायबरमॅनमध्ये रूपांतर करू लागतात. धातूचा मुखवटा त्याच्या चेहऱ्यावर मिटलेला असताना आल्फीच्या रडण्याचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचतो, रूपांतर उलटते, आणि क्रेगच्या भावनांचा लोंढा सहन न होऊन सायबरमेन नष्ट होतात.

लेखातील ‘यंत्रमानव’ या शब्दाला माझी पहिली हरकत आहे, कारण सायबरमेन हे कोणी कारखान्यात घडवलेले रोबो नाहीत. ती माणसेच आहेत. १९६६ साली किट पेडलर आणि गेरी डेव्हिस या दोघांनी ती कल्पना मांडली. पेडलर हे लंडन विद्यापीठाच्या नेत्रविज्ञान संस्थेत काम करणारे वैद्यकीय संशोधक होते. निकामी अवयव काढून त्या जागी कृत्रिम अवयव बसवत गेल्यास माणूस नेमका कुठे संपतो, ही त्यांना वाटणारी खरीखुरी भीती होती. त्यांच्या कथेत मोंडास ग्रहावरील लोकांनी जगत राहण्यासाठी शरीराचा एकेक भाग बदलला आणि भावना हा दुबळेपणा समजून त्याही मेंदूतून काढून टाकल्या. ‘द टेन्थ प्लॅनेट’ या त्या पहिल्या कथेत अंतराळात अडकलेले वीर मरणाच्या दारात असताना पॉली ही तरुणी सायबरमेनना विचारते की तुम्हाला त्यांची काळजी नाही का. तुमच्या जगात सगळीकडे माणसे मरत आहेत, त्यांची तुम्हाला तरी कुठे काळजी आहे, असे उत्तर तिला मिळते. सायबरमेनच्या साऱ्या कथांतील हा संवाद मला सर्वांत भेदक वाटतो, कारण त्यात प्रश्न विचारणाराही सुटत नाही.

त्याच कथेत एक बाप आहे, आणि सदर लेखात त्याची दखल घेतली जायला हवी होती. अंटार्क्टिकावरील तळाचा प्रमुख जनरल कटलर हा करडा, शिस्तीचा सैनिक आहे. पहिले यान नष्ट झाल्यानंतर दुसऱ्या यानातून एकट्याला वर धाडले जाते आणि तो कटलरचाच मुलगा टेरी असतो. ते कळल्यावर हा शहाणा माणूस पाहता पाहता बदलतो. पृथ्वीजवळ आलेला मोंडास ग्रह उडवून देण्यासाठी तो झेड बॉम्ब डागायला निघतो. त्या स्फोटाच्या किरणोत्साराने पृथ्वीचा मोंडासकडे वळलेला अर्धा भाग जीवसृष्टीला मुकेल, असे शास्त्रज्ञ बार्कले बजावतात, पण मुलाला वाचवण्याच्या ध्यासात त्याला ते ऐकू येत नाही. प्रक्षेपण फसल्यावर तर तो डॉक्टरवर आणि त्याच्या साथीदारांवर पिस्तूल रोखतो. पेडलर आणि डेव्हिस यांनी सायबरमेनच्या जन्मकथेतच भावनाशून्यतेच्या शेजारी बापाची माया उभी केली आणि ती माया आंधळी झाली की किती जीव घेऊ शकते, हेही दाखवले. त्यांनी मायेला देव्हाऱ्यात बसवले नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा होता.

‘क्लोजिंग टाइम’ पाहताना मला कटलरची सतत आठवण होत राहिली. क्रेग हा त्याच्या अगदी उलट बाप आहे. त्याच्या हाती अधिकार नाही, शस्त्र नाही, एवढेच काय, आत्मविश्वासही नाही. डॉक्टरला तान्ह्या मुलांची भाषा कळते आणि आल्फी आपल्या बापाला मनातल्या मनात ‘आई नव्हे तो’ असे संबोधतो, ही गंमत डॉक्टर त्याला सांगतो, तेव्हा आपल्याला हसू येते, परंतु क्रेगला ते लागते. घरातले इतर लोक मदतीला येऊ पाहतात तर त्याला तो आपल्यावरचा अविश्वास वाटतो. लेखक गॅरेथ रॉबर्ट्स यांनी भागाचा बराच मोठा वेळ या घरगुती विनोदावर खर्च केला आहे. आल्फीला ‘स्टॉर्मॅगेडन’ हे भयंकर नाव हवे असणे, दुकानातील प्रौढ विक्रेतीने डॉक्टर आणि क्रेग यांना जोडपे समजणे, हे सारे त्यातलेच. जेम्स कॉर्डन (क्रेग) आणि मॅट स्मिथ (डॉक्टर) यांनी ते सहज पेलले आहे. हा विनोद वेळ भरून काढण्यासाठी घातलेला नाही. क्रेगला स्वतःबद्दल जी शंका आहे ती प्रेक्षकाला हसत हसत कळलेली नसती, तर मुखवट्याच्या आतून त्याने मुलाचा आवाज ओळखणे हा निव्वळ योगायोग वाटला असता.

आता विज्ञानाच्या मुद्द्याकडे येतो. डॉ. जयंत नारळीकरांच्या कथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला कथेतले विज्ञान तपासून घेण्याची सवय आहे आणि ती मोलाची आहे. तीच कसोटी येथे लावू. दडपून टाकलेली भावना परत जागी केली की सायबरमॅन कोसळतो, हा नियम २०११ साली सोयीसाठी शोधलेला नाही. १९६८ सालच्या ‘द इन्व्हेजन’ या कथेत प्रोफेसर वॉटकिन्स यांच्या यंत्रातून सोडलेल्या भावनांच्या लहरींनी एक सायबरमॅन भयाने वेडापिसा होतो. २००६ साली सायबरमेन ‘डॉक्टर हू’च्या नव्याने सुरू झालेल्या मालिकेत परतले, तेव्हा त्यांच्या भावना रोखून धरणारी चिप बंद करताच त्यांना आपले काय झाले आहे ते उमगते आणि ते त्या जाणिवेनेच मरतात. क्रेगच्या बाबतीत हाच नियम पाळला आहे. तो यानाच्या यंत्रणेला जोडला गेलेला असल्यामुळे जे त्याच्यात उसळते ते इतरांपर्यंत पोहोचते. शिवाय सायबरमेन प्रेमामुळे नष्ट झाले, हे स्पष्टीकरण डॉक्टर स्वतःच भाबडे आणि अति सोपे असल्याचे म्हणतो, आपल्या जनुकांचे रक्षण करण्याची आनुवंशिक प्रेरणा वगैरे शास्त्रीय मांडणी सुरू करतो, आणि मध्येच थांबून ते प्रेमच होते असे मान्य करतो. समीक्षकांचा आक्षेप पटकथेने आधीच ऐकून घेतला आहे.

या भागात दोष नाहीत असे मी म्हणणार नाही. सायबरमेन इतके थोडे आणि इतके जर्जर आहेत की त्यांची दहशत वाटत नाही, त्यांच्यापेक्षा सायबरमॅट हा त्यांचा छोटा यांत्रिक प्राणीच अधिक अंगावर येतो. एकटा पडलेला पुरुष मूल सांभाळताना धांदरट दिसलाच पाहिजे, ही समजूत २०११ मध्येही जुनी झाली होती आणि पूर्वार्धात तिच्यावर जरा जास्तच भार टाकला आहे. मात्र रात्री झोपाळलेल्या आल्फीशी डॉक्टर एकटाच बोलतो, लहानपणी मीही ताऱ्यांची स्वप्ने पाहिली होती असे सांगतो, त्या प्रसंगासाठी मी हे दोष विसरायला तयार आहे. हा डॉक्टर १९६३ सालच्या पहिल्याच भागात नातीला घेऊन आला होता आणि आपण कधीकाळी बाप होतो हे त्याने २००६ मध्ये एकदा ओझरते सांगितले होते. त्या मुलांचे पुढे काय झाले, हे तो सांगत नाही. दुसऱ्याच्या मुलाच्या पाळण्याशी बसलेल्या त्या माणसाचा दुसरा दिवस मरणाचा आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते.

पुरवणीच्या लेखकांना एक विनंती आहे. ‘द टेन्थ प्लॅनेट’चा चौथा आणि शेवटचा भाग बीबीसीच्या संग्रहातून नाहीसा झाला आहे आणि जनरल कटलरचा शेवट नेमका त्याच भागात आहे. त्यामुळे त्या बापाची कथा बहुतेकांना अर्धीच माहीत असते. ध्वनिमुद्रण मात्र उरले असून त्यावर आधारलेले अ‍ॅनिमेशन २०१३ साली प्रकाशित झाले आहे. लेखकांनी आधी ते पाहावे, मग ‘क्लोजिंग टाइम’ पुन्हा पाहावा, आणि त्यानंतरही मत कायम राहिले तर त्याची कारणे आपल्या पुरवणीत सविस्तर मांडावीत. मी ती आवर्जून वाचेन.

आपला विश्वासू,
एक वाचक, ठाणे