मंत्रिमहोदय, म्हाताऱ्याच्या नावानं लावायला ॲशचं झाड कुठून आणायचं?

मा. राज्यमंत्री (वनविभाग),
आयर्लंड सरकार, डब्लिन

स.न.वि.वि.

आमच्या हर्लिंग (काठी-चेंडूचा आयरिश खेळ) क्लबचे जुने बचावपटू नुकतेच वारले. खेळणं सुटलं तरी क्लब सुटला नव्हता. मैदानावर चुन्याच्या रेषा आखणं, पोरांना हर्ली, म्हणजे या खेळाची ॲशच्या लाकडाची काठी, करून देणं, पावसात उभं राहून पंचांचा उद्धार करणं, सगळं शेवटपर्यंत चालू. शवपेटीवर क्लबची जर्सी आणि त्यांनीच घडवलेली हर्ली ठेवली, खेळाडू दुतर्फा उभे राहिले. गोलमागे त्यांच्या नावानं ॲशची रांग लावू म्हटलं, तर सरकारी उत्तर आलं: ॲशवर रोग आहे, ते सोडून काहीही लावा. बरं, ओक लावतो. ओकची हर्ली आपण घडवून देणार का?

पत्र मराठीत आहे. मालवणजवळच्या वराडशी नातं असलेले वराडकर तुमचे पंतप्रधान होऊन गेले, तेव्हा वाचून दाखवणारं कुणी सापडेलच.

वाटेल त्या फळीतून हर्ली निघत नाही. त्यासाठी 25-30 वर्षांच्या ॲशचा बुंधा लागतो, तोही जमिनीलगतचा साधारण 1.3 मीटर, मुळाकडे पसरत जाणारा भाग धरून. तिथे लाकडाच्या रेषा वळतात आणि तेच वळण काठीच्या पात्यात उतरावं लागतं. रेषा आडव्या कापल्या गेल्या, की पहिल्याच टकरीत पात्याची टाच उडते. म्हातारबुवा फळी उजेडाला धरून रेषेवरून बोट फिरवायचे, मगच साचा ठेवून पेन्सिल ओढायचे. वळण जुळलं नाही तर फळी सरळ चुलीत.

आता हा रोग बघा. बुरशी गळलेल्या पानांच्या देठांवर वाढते, उन्हाळ्यात तिचे बीजाणू वाऱ्यावर जातात, पानातून फांदीत आणि फांदीतून खोडात उतरतात. शेंडा वाळतो. पुढे बुंध्याशी काळे चट्टे पडतात, त्यात दुसरी बुरशी शिरते. म्हणजे सडतो तो नेमका हर्लीचा भाग! लाकूड ठिसूळ झालेलं, त्यामुळे झाडावर चढून कापायची सोय नाही, यंत्र मागवावं लागतं. रस्त्यापासून 10 मीटरच्या आतलं धोकादायक झाड परवान्याशिवाय तोडू देता, एवढी कृपा. बिल मात्र शेतकऱ्याच्या माथी.

आणि हे आभाळातून पडलं का? पोलंडमध्ये 1992 पासून ॲश मरत होते. तरी युरोपातून आणलेली रोपं 2009 साली लेट्रिम काउंटीत लागली आणि 2012 साली तिथंच रोग सापडला. अनुदान देऊन ॲश लावा म्हणणारं सरकारच, रोपं आत येऊ देणारंही सरकारच. मग आयातीवर निर्बंध आले. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. 2018 साली हर्लिंग युनेस्कोच्या यादीत गेलं तेव्हा मात्र अभिनंदनाला सगळे पुढे. वर्षाला साडेतीन लाख हर्ली लागतात म्हणे, बहुतेक परदेशी लाकडाच्या. हा तुमचा राष्ट्रीय वारसा!

ॲश गमावलेल्या शेतकऱ्यांना हेक्टरी 5,000 युरो जाहीर झाले 2024 साली, रोग सापडून बारा वर्षांनी. मधल्या काळात समित्या, आढावे आणि आढाव्यांचे आढावे. पंचवीस वर्षं झाड सांभाळलेल्या माणसानं त्यातून आधी काय फेडायचं, तोडणीचं भाडं की बँकेचा हप्ता? फाइल पुढं सरकायला माणूस मरावा लागतो, हे आम्हाला नवं नाही. वाटलं होतं, ते फक्त आमच्या भारतातच चालतं.

बांबूच्या हर्ली निघाल्यात, प्लास्टिकच्याही. पोरं वापरतात, चालतंय. पण रोगाला टिकणारे ॲश थोडे का होईना आहेत, त्यांची कलमं करून जतनही केलंय. त्यांची रोपं तयार होतील तेव्हा रोपवाटिकांच्या आधी क्लबांना द्या, प्रत्येकी दहा पुरेत. आणि कोणत्या वर्षी देणार ते लेखी कळवा. उघड्या मुळांची रोपं नोव्हेंबर ते मार्चमध्येच लावता येतात, तेव्हा उत्तर एप्रिलमध्ये पाठवू नका.

कळावे,
क्लबातली मराठी मंडळी