नळीमागच्या माणसाला: एक जाहीर आभारपत्र

आदरणीय कॅप्टनसाहेब,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी अंकासाठी 1982च्या फॉकलंड मोहिमेवर, म्हणजे अर्जेंटिनाने घेतलेली दक्षिण अटलांटिकमधली बेटं ब्रिटनने परत मिळवली त्या लढाईवर लिहायचं ठरलं, तेव्हा ब्रिटिशांची हॅरियर विमानं आणि अर्जेंटिनाची एक्झोसेट क्षेपणास्त्रं यांवर वाचायला भरपूर होतं. आपली विमानवाहू नौका विराट म्हणजे तेव्हाची हर्मिस, ब्रिटिश ताफ्याचं ध्वजजहाज, हेही मुंबई-गोव्यात अनेकांना ठाऊक आहे. टँकरवर उभं आयुष्य काढलेल्या तुमच्याकडून हवं होतं ते वेगळंच: मायदेशापासून सुमारे 13,000 किलोमीटरवर, ऐन हिवाळ्याच्या तोंडावर, या जहाजांच्या टाक्या भरल्या कशा? तुम्ही हातचं न राखता सांगितलंत, आकृत्याही काढून दिल्यात. म्हणून हे आभार, आणि तेही चारचौघांत.

शेजारी-शेजारी चालत तेल देण्याची रीत पुस्तकात सोपी दिसते. मध्ये तीस-चाळीस मीटर पाणी, वेग साधारण 12 नॉट (ताशी सुमारे 22 किलोमीटर). बंदुकीतून बारीक दोरी पलीकडे जाते, तिला बांधून जाड दोर, मग पोलादी तार आणि तारेला टांगलेली नळी. धोका कुठे, ते तुमच्या आकृतीतल्या बाणांनी दाखवलं. दोन्ही जहाजांच्या नाळेशी (पुढच्या टोकाशी) आणि पिछाडीला पाण्याचा दाब जास्त, मधोमध कमी, त्यामुळे जहाजं एकमेकांकडे ओढली जातात. सुकाणूवरच्या माणसाने अर्ध्या अंशाचा फरक वेळीच मोडला नाही, तर पुढचा फरक मोडायला जागाच उरत नाही. म्हणून नळी जोडलेली असताना ती तातडीने सोडवायची तयारीही सारखी ठेवावी लागते.

भाड्याने घेतलेल्या अनेक व्यापारी टँकरांवर ही तारेची यंत्रणा नव्हती. त्यांच्यावर मागून नळी सोडायची जोडणी घाईने बसवली गेली. टँकर पुढे, युद्धनौका मागे; नळीच्या टोकाचा तरंगता बोया युद्धनौका गळ टाकून नाळेवर ओढून घेते. तेल सावकाश जातं, पण टकरीची भीती कमी. पंप थांबल्यावर हवेच्या दाबाने नळी रिकामी करायची, नाहीतर ती जड राहते आणि सोडताना तेल सांडतं. तेल देऊन हलका झालेला टँकर त्या समुद्रात फार डोलतो, म्हणून वेळेवर बॅलास्ट, म्हणजे वजनासाठी समुद्राचं पाणी, टाक्यांत घ्यायचा. या ओळी आम्ही तुमच्याच शब्दांत छापल्या आहेत.

फॉकलंडच्या पूर्वेकडचं साउथ जॉर्जिया बेट परत घेताना इतके थोडे सैनिक का उतरले, हे कोडंही तुमच्यामुळे सुटलं. टाइडस्प्रिंग हा टँकर. त्याच्यावर ताफ्याचं तेल, दोन वेसेक्स हेलिकॉप्टरं आणि रॉयल मरीन्सच्या ‘42 कमांडो’ या दलाची एम कंपनी. ती दोन्ही हेलिकॉप्टरं 22 एप्रिलला त्या बेटावरच्या फॉर्च्युना हिमनदीवर बर्फाच्या वादळात कोसळली. शत्रूच्या पाणबुडीची कुणकुण लागल्यावर टँकर दूर पाठवला, आणि त्याच्याबरोबर सैनिकही गेले. 25 तारखेला अर्जेंटिनाची सांता फे पाणबुडी निकामी झाली, तेव्हा जवळच्या जहाजांवरून जमवलेल्या सुमारे 75 जणांनाच किनाऱ्यावर उतरवावं लागलं. त्याच दिवशी बेटावरच्या ग्रिटविकेन वस्तीत अर्जेंटिनाच्या सैनिकांनी शरणागती पत्करली. एकाच जहाजात तेलही आणि माणसंही भरली की असं होणारच, हे तुमचं मत आम्हाला शंभर टक्के पटतं.

मालाच्या भरणीवरही तुम्ही बोललात. बंदरातून निघायची घाई, म्हणून जे आलं ते भरलं. आधी लागणारा माल शेवटी भरायचा, हा नियम तिथेच कोलमडला. वाटेत अटलांटिकमधल्या असेन्शन बेटापाशी माल पुन्हा लावावा लागला आणि तिथे मोठ्या जहाजांना लागायला धक्का नाही. सगळी उचलाउचल हेलिकॉप्टर आणि होड्यांनी. पुढे 25 मे रोजी अटलांटिक कन्व्हेयर या मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्रं आदळली. 12 जण गेले, चिनूक जातीची तीन मोठी मालवाहू हेलिकॉप्टरं आणि हजारो सैनिकांचे तंबू जळाले. हवेत असलेलं एकच चिनूक वाचलं. मग ब्रिटिश सैन्य उतरलं त्या सॅन कार्लोसहून राजधानी स्टॅन्लीकडे जाणाऱ्या बऱ्याच सैनिकांना पाठीवर तीसेक किलोंहून जास्त ओझं घेऊन दलदलीच्या पीट जमिनीतून पायीच निघावं लागलं. बुटांत पाणी शिरून पाय सडू लागले, त्याचं एक मोठं कारण या आगीत आहे. आमच्या लेखात आता हे प्रकरण हवाई लढाईच्या आधी येतं.

अंकाच्या दोन प्रती पोस्टाने पाठवत आहोत. नळीची आकृती तुमच्या पेन्सिलीच्या खुणांसकट छापली आहे. कुठे बाण उलटा पडला असेल तर दुसऱ्या आवृत्तीपूर्वी जरूर कळवा.

आपले,
लेखमालेचे सर्व लेखक